आहेराच्या साड्यांची जॅकेटं

टाकाऊ कपड्यांतून टिकाऊ फॅशन, असं मी पाटीवर रंगवून घेतलं होतं, आणि पाटी लावल्यावर दोन महिने मला टाकाऊ कपडाच मिळाला नाही. पुण्यात शिकत होते तेव्हा वाटायचं, कपडे काय, सगळीकडेच फेकतात. आमच्या पाथर्डीकडच्या गावात कोण काय फेकतं? लुगडं विटलं की त्याची गोधडी होते, गोधडी विरली की घोडेगावच्या बाजाराला निघालेल्या टेम्पोत बैलाखाली अंथरतात, आणि त्यातूनही काही उरलं तर चुलीपुढचं फडकं. मी दारोदार जुने कपडे मागत फिरले, तर एका म्हातारीनं मला भांडीवालीच समजून विचारलं, "यावर पातेलं केवढं देतीस?" त्या दिवशी मी चरफडत घरी आले आणि आईवर उगाचच ओरडले.

माल शेवटी सापडला तो लोखंडी पेट्यांच्या तळाशी. आहेराच्या साड्या! लग्नात, बारशात, वास्तुशांतीत आलेली साडी नेसायची नाही, पुढच्या लग्नात पुढे सरकवायची, हा आमचा जुना उद्योग. फिरून फिरून ज्यांचा रंग जुना झाला आणि ज्या आता आहेरातही खपत नाहीत, अशा पाच-सहा साड्या प्रत्येक घरात डांबराच्या गोळ्यांसोबत पडून होत्या. आईनं चार घरी शब्द टाकला आणि माझ्या खोलीत साठेक साड्या येऊन पडल्या. कोऱ्या करकरीत, एकदाही न नेसलेल्या. फोटो पाहून पुण्याच्या एका दुकानवालीनं चाळीस जॅकेटं मागितली. माल पसंत पडला तर वर्षभर काम देते म्हणाली. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

शिवायला माझ्याकडे एकच बाई होती, पण दहा जणींना भारी. वस्तीवर राहायची, सासूच्या पायमशीनवर शिकलेली, आणि तिची शिवण इतकी सरळ की मला माझ्या डिप्लोमाची लाज वाटावी. दरवर्षी दसरा झाला की ती आणि तिचा नवरा मुकादमाच्या टोळीबरोबर देवळाली प्रवराकडे ऊस तोडायला जात. सहा महिने पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीत. मी तिला म्हणाले, "वहिनी, यंदा जाऊ नका. वर्षभर पुरेल एवढं काम आहे." तिनं दोन दिवस विचार केला. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी धरतात, एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला कोण घेणार? म्हणून ती थांबली तर नवऱ्यालाही थांबावं लागणार होतं. दोघंही थांबले, ते माझ्या शब्दावर.

आणि पहिल्याच दिवशी तिनं कात्री खाली ठेवली.

"ताई, ह्या साड्यांची घडी मोडल्याली न्हाई."

"म्हणजे?"

"कुनी नेसलंच न्हाई. कोऱ्या साडीला कातर लावत न्हाईत. आदी कुनीतरी नेसाया पायजे. मी नेसते, जाऊबाई नेसंल, सासू नेसंल. दिसभर अंगावर ऱ्हाऊ द्यायची, एकदा पान्यातून काडायची. मंग कापू. कारन घडीवर..."

माझं डोकंच फिरलं. साठ साड्या, आणि ह्या तिघी जणी त्या एकेक करून नेसणार, धुणार, वाळत घालणार! तिकडे दुकानवाली रोज विचारतेय, कधी पाठवता? आपल्या बायकांच्या ह्या समजुतींपायी काही म्हणजे काही पुढे जात नाही, असं मी चांगलं चढ्या आवाजात बोलले. तिचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. मी स्वतः कात्री घेतली आणि मोरपंखी साडीची पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या असे तुकडे तिच्यासमोर पाडले. तिनं ते गोळा केले. मग मशीनवर बसली.

जॅकेटं देखणी झाली, हे मी आजही म्हणते. कडक, झळझळीत, काठ बरोबर कॉलरवर आलेला. दसऱ्याआधी माल गेला. दसऱ्यानंतर गावातल्या टोळ्या गेल्या. तेव्हा ती माझ्या खोलीत बसून उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या शिवत होती, आणि मला स्वतःचा अभिमान वाटत होता. एक घर तरी मी उसातून सोडवलं, असं मी मनातल्या मनात म्हणून घेतलं होतं.

दिवाळी दोन दिवसांवर असताना पुण्याहून फोन आला. एका बाईनं जॅकेट घालून पाहताना हात मागे नेला आणि ते पाठीवर सरळ रेषेत फाटलं. दुकानवालीनं मग दुसरी ओढून पाहिली. तीही तशीच, रुळानं रेघ मारावी तशी. सगळा माल परत येणार होता. पुढच्या कामाचा विषयच संपला.

मी उरलेल्या साड्या उलगडून खिडकीपाशी धरल्या. दहा-दहा वर्षं एकाच घडीवर दाबून ठेवलेलं कापड त्या घडीवरच विरलं होतं. कांजीनं ते तोवर कडक दिसत होतं, एवढंच. अंगावर एक दिवस राहिलं असतं आणि एकदा पाण्यातून निघालं असतं, तर कुठली साडी टिकते आणि कुठली नाही, हे कुणालाही कळलं असतं. तिला ते कळत होतंच. 'कारन घडीवर' याच्या पुढचं तेवढं मी ऐकून घेतलं नव्हतं. माझा इतका संताप झाला, आणि तो काढायला ह्या खेपेला दुसरं कुणी नव्हतं.

संध्याकाळी वस्तीवर गेले. तिला सगळं सांगितलं. आता ती तोंडाला येईल ते बोलेल, बोलावं, असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "मागं ऱ्हायलेली एक टोळी हाय. पाडव्याला निघतीया. ह्यांनी मुकादमाला इचारून ठिवलंय." म्हणजे माल परत येईल, हा अंदाज त्यांना आधीपासून होता.

"मला चहा नको," मी म्हणाले, तरी तिनं ठेवला. कप हातात देताना तिनं विचारलं, "ताई, तवा मी सांगत हुते, तर माजं पुरतं ऐकलं का न्हाई तुमी? मी अडाणी म्हून?"

"नाही हो वहिनी. तसं काही नाही."

खरं उत्तर हो असं होतं. ते तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे मला दिसत होतं. मी चहा संपवला. तिनं माझा रिकामा कप उचलला आणि अंगणात कोयत्याला धार लावत बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "अवो, माज्याबी कोयत्याला लावा."