शेजारच्या टॉवरला आमचं पाणी

“टॉवरशी ज्याचा व्यवहार आहे त्याने मत द्यायचं नाही. मॅडम, हे आधी मिनिट्समध्ये घ्या,” आमचे अध्यक्ष सावंत म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी लिहून घेतलं.

बाळांनो, मी नोकरीत कंपनी सेक्रेटरी होते, पण ते काम काय असतं हे तुमच्या बाबालाही नीट सांगता येत नाही. साहेबांची पत्रं टाइप करणं नव्हे. मीटिंग नियमाने चालवायची, ठरलं ते मिनिट्समध्ये, म्हणजे सभेच्या नोंदीत, लिहायचं, आणि विषयात ज्याचा स्वतःचा फायदा आहे त्याला मतदानापासून लांब ठेवायचं. रिटायर झाल्यावर सोसायटीने मला तेच काम दिलं. ऑफिसात निदान चहा वेळेवर यायचा.

वसईत आमच्या नळाला दिवसाआड पाणी येतं. ते आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं, मग पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं. शेजारी टॉवर उभा राहतोय. त्याच्या बिल्डरला आमच्या कंपाउंडमधून, आमच्याच लाइनला जोडून पाइप न्यायचा होता. त्यासाठी सोसायटीची एनओसी, म्हणजे आमची हरकत नाही असं पत्र, हवं होतं. बदल्यात तो आमची बिल्डिंग रंगवून देणार होता.

सगळ्यात वरच्या, सातव्या मजल्यावरच्या पेडणेकर वहिनींना रंगात रस नव्हता. “टाकी उतरली की आमच्या नळातून नुसती हवा येते. सासूबाई अंथरुणावर आहेत. रोज चादरी धुवाव्या लागतात. त्यात अख्खा टॉवर जोडलात, तर मी काय करायचं ते आत्ताच सांगा.”

सावंत उठले आणि बराच वेळ बोलले. शहर किती वाढायचं, पाणी कुठून आणायचं, वाढ थांबलीच पाहिजे. “आम्ही आलो तेव्हा इथे केळीच्या बागा होत्या.”

“होत्या ना. आमच्याच चुलत्याच्या होत्या,” म्हात्रे म्हणाले. त्यांचं तळमजल्यावर दुकान आहे आणि जवळच्या वटार गावात वाडी. “तिथंच तुमची बिल्डिंग आहे. आता टँकरचं पानी पन आमच्या वटारच्याच विहिरीचं. सावंतसाहेब, तुम्ही वाढायचं कवा थांबणार?”

हशा झाला. सावंत बसले आणि मग त्यांनी तो सुरुवातीला सांगितलेला नियम सुचवला. मतदान चिठ्ठीने, नाव न लिहिता व्हावं, ही सूचनाही त्यांचीच. नियमाचा रोख कमिटीतल्या राण्यांवर होता, कारण राणे बिल्डरचे साडू, त्यांचा फ्लॅट तिथे असणारच असं सगळे धरून चालले होते.

मी विचारलं, “टॉवरमध्ये कोणाचं बुकिंग आहे? हात वर करा.”

सगळे राण्यांकडे बघायला लागले.

“माझं नाही,” राणे म्हणाले.

“अहो, तुम्ही त्याचे साडू,” कोणीतरी म्हणालं.

“म्हणूनच नाही. तो बाथरूम कशी बांधतो ते मला माहीत आहे.”

बाकी कोणी हलेना. मी पेन खाली ठेवलं आणि माझा हात वर केला. तुमच्या बाबाने तिथे दहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय, सुट्टीत आलात की तुम्हाला ऐसपैस राहता यावं म्हणून. नियम लिहितानाच मला ते आठवलं होतं. आधी दुसरं कोणीतरी हात वर करील, अशी आशा होती.

“काकू, तुम्ही पण?” पेडणेकर वहिनी म्हणाल्या.

“मुलाचा आहे. मी मत देणार नाही.” मत न देणाऱ्यांच्या यादीत मी माझं नाव पहिलं लिहिलं.

मग दुसऱ्या मजल्याचा हात आला. मग एका रांगेतले चार. कोणाचा मुलासाठी, कोणाचा भाड्याने द्यायला. थोड्या वेळापूर्वी ‘वाढ थांबवा’ म्हणून मान डोलावणाऱ्यांचे हात वाढतच गेले. शेवटी सावंत हळूच म्हणाले, “आमचा मिसेसच्या नावावर आहे. तो धरायचा का?”

“धरायचा.”

“मग तो नियम मागे घेता येईल का?”

“टाळ्यांसकट लिहिलाय.”

चिठ्ठीने मतदान त्यांना का हवं होतं, ते मला तेव्हा कळलं.

मत द्यायला सात जण उरले. पेडणेकर वहिनी, म्हात्रे, राणे आणि अजून चौघं. सातही मतं विरोधात पडली. एनओसी नाकारली. बिल्डरने रस्त्यावरच्या मोठ्या लाइनवरून स्वतःची जोडणी घ्यावी, महापालिका देईल तेव्हा. सावंतांनी इतका वेळ मागितलेलं सगळं त्यांना मिळालं, आणि ते चहाला न थांबता घरी गेले. पेडणेकर वहिनींच्या नळाला अजूनही शेवटी हवाच येते, पण ती आधीइतकीच.

तुमच्या बाबाला मी मिनिट्स मेल केली. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं : ‘आई, तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस?’ मी ‘सातव्या मजल्याच्या’ असं टाइप केलं आणि खोडलं. मला मत नव्हतं. मग लिहिलं, ‘पान दोन वाच. पहिलं नाव तुझ्या आईचं आहे.’

इतक्या वर्षांच्या नोकरीतून एवढंच सांगते : नियम सुचवणाऱ्याचं नाव मिनिट्समध्ये न चुकता लिहावं.