थ्री-नॉट-थ्रीचा आवाज

बाबांनी सगळी नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात थ्री-नॉट-थ्री रायफलच्या गोळीचं पितळी कवच तपासण्यात घालवली. कवच गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालायचं. बसलं तर उजवीकडे, नाही बसलं तर डावीकडे. दारू भरायचं काम दुसऱ्या गावी होई. त्यामुळे गोळी उडताना त्यांनी कधी पाहिली नाही की ऐकली नाही. रायफल पाहिली तीही बँकेच्या दारातल्या गार्डच्या खांद्यावर, लांबून.

उल्हासनगरच्या कॉलेजात मी एनसीसीत गेले आणि मला तीच रायफल मिळाली. हवालदारसाहेब तिचा इतिहास आम्हाला उन्हात, सावधानमध्ये उभं करून सांगत. "दो-दो वर्ल्ड वॉर लड़ी है ये. तुम दस मिनट खड़े नहीं रह सकते?" ती इंग्रजांनी काढली. मग आपल्या फौजेने वापरली, फौजेला नवी मिळाल्यावर पोलिसांनी, आणि शेवटी आम्ही. आमच्या खाली कुणी नव्हतं. माझ्या रायफलीवर कोरलेलं साल आजोबांच्या लग्नाच्याही आधीचं होतं. वजन चार किलो, आणि बोल्ट इतका घट्ट की ओढताना हाताची सालटी निघत. ती फक्त कवायतीची होती. गोळीवर आपटणारी बोल्टमधली पिन काढलेली, आणि तरीही कुणाला मोह होऊ नये म्हणून गोळी बसते त्या चेंबरला आरपार भोक पाडलेलं.

पहिल्या कॅम्पहून मी पालेगावला घरी आले तेव्हा बाबांनी चपला काढू द्यायच्या आधी विचारलं, "मारलीस काय गो गोली? आवाज कसा व्हता?"

त्यांचा चेहरा बघून मी हो म्हणून बसले. आवाज मी सुतळी बॉम्बवरून बेतला आणि वर थोडी भर घातली. खांदा दुखला असंही मी म्हटलं. रिकामं कवच टणकन उजवीकडे पडतं, हेही सांगितलं. ते मान डोलवत ऐकत राहिले. पुढे दर रविवारी ते हेच विचारत आणि मी हेच सांगे. थाप पाठ झाली होती.

सव्वीस जानेवारीला ते इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजात आले. परेड झाल्यावर हवालदारसाहेबांनी फोटोसाठी माझी रायफल त्यांच्या हातात दिली. "बाबा, चला, ऊन लागेल," मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. सरळ बोल्ट मागे ओढला आणि चेंबरला डोळा लावला. भोकातून मैदानातला उजेड आत येत होता. मग बोल्टचं तोंड बोटाने चाचपलं. पिन नाही हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी बोल्ट बंद केला, रायफल परत दिली आणि "थँक यू सर" म्हणाले. रिक्षात ते फक्त रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलले.

संध्याकाळी नव्या बिल्डिंगमधले शेजारी परेडचं विचारायला आले. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा बाबा त्यांना सांगत होते, "तीच रायफल मारली पोरीनं कॅम्पला. असा आवाज का दोन दिस कान बंद तिचं."

कान बंद झाल्याचं मी कधीच म्हटलं नव्हतं.

"खरंच का गं?" शेजाऱ्यांनी मला विचारलं. बाबा कपातल्या चहाकडे बघत होते. मी म्हटलं, "हो काका. दोन दिवस."