मास्तरांची निळी बादली

माझी आई सकाळी नऊला खांद्याला पिशवी अडकवून निघते. पिशवीत टॉर्च, लांब दांड्याची पळी आणि पांढरा वाडगा. पांढऱ्यात अळ्या चटकन दिसतात. आरोग्य खात्यातर्फे ती घरोघरचं साठवलेलं पाणी तपासते. गल्लीत तिला सगळे अळीताई म्हणतात.

चार वर्षं जवळपास गायब असलेले डेंग्यूचे डास यंदा परत आले. गल्लीत दोघांनी अंथरूण धरलं. आईनं सगळी पिंपं रिकामी करून घेतली, तरी आठवड्यानं अळ्या हजर! तेव्हा शेजारचे निवृत्त मास्तर भर गल्लीत म्हणाले, "पाणी आम्ही फेकतो आणि अळ्या बरोब्बर तुम्हालाच सापडतात. घरून घेऊन येता की काय?"

लोक खो-खो हसले. दुसऱ्या दिवशी सात दारं उघडलीच नाहीत.

"मला काय हवं ते म्हणा," आई घरी धुसफुसली, "पण दार लावून घेतलं तर आतलं पिंप कोण बघणार?"

ती तडक मास्तरांकडे गेली. "नुसतं पाणी फेकून भागत नाही, मास्तर. अंडी आतल्या बाजूला चिकटून राहतात. महिनोन्‌महिने कोरडी, आणि पाणी पडलं की फुटतात. घासल्याशिवाय निघत नाहीत."

"सिद्ध करा."

"तुमचीच एखादी पडून असलेली बादली काढा."

मास्तरांनी माळ्यावरून एक निळी बादली काढली. आईनं तिला बोटही लावलं नाही. मास्तरांच्या बायकोनं उकळून गार केलेलं पाणी ओतलं, वर पांढरं फडकं घट्ट बांधलं. गाठीवर मास्तरांनी स्वतःच्या सहीचा कागद चिकटवला.

तीन दिवस आईला घास गोड लागला नाही.

"बादलीत अंडी नसलीच तर?" मी विचारलं.

"असतील. तुटक्या कानाची निळी बादली. पाच महिन्यांपूर्वी मला तिच्यातच अळ्या सापडल्या होत्या." मग म्हणाली, "नसली तर ती सात दारं कायमची गेली."

तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या अंगणात अख्खी गल्ली जमली. मास्तरांनी चष्मा पुसला, गाठ सोडली. पाण्यात दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या अळ्या वळवळत होत्या.

मास्तरांनी वाकून नीट बघितलं. मग बायकोला म्हणाले, "घासणी आण गं."

पाणी उन्हात मातीवर ओतून ते सगळ्यांसमोर फतकल मारून बादली घासायला बसले.

"मास्तर, तळ नाही, कडा. पाण्याची रेघ होती तिथे," आई म्हणाली.

"बरं, बाई," म्हणत त्यांनी पुन्हा पहिल्यापासून घासायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी आईला एकही कडी वाजवावी लागली नाही.