मिलच्या गेटवर भोंगा वाजला तेव्हा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, मुलीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट कळत नाही.

एकोणीसशे सत्तरनंतरची गोष्ट. मी शाळेत होते, वडील सोलापुरात मिलमध्ये कामाला. मिलचा भोंगा वाजला की माझं डोकं फुटायला यायचं. कान दाबून मी मोरीत जाऊन बसायची, डोलत राहायची. घरात चालून जायचं. पण रस्त्यात असं झालं की माणसं थांबून बघायची — त्या बघण्याचंच मला जास्त भ्या वाटायचं. अलीकडे डॉक्टरांनी माझ्या नातवाला स्वमग्न म्हटलं, तेव्हा मला माझंच लहानपण आठवलं. आमच्या वेळी 'येडी' एवढंच नाव होतं.

शेजारच्या कोंडामावशींनी एकदा मला मोरीत पाहिलं. हसल्या नाहीत. भोंगा थांबेपर्यंत पदराने माझे कान झाकून बसल्या. "माझ्या मैनीलाबी असंच हुतं," म्हणाल्या. त्यांची मुलगी मैना माझ्याहून लहान, बोलायची नाही.

वडिलांचा दुपारचा डबा मी मुद्दाम भोंगा होऊन गेल्यावर न्यायची. त्या दिवशी कशी कोण जाणे, लवकर पोचले. गेटवर डबे घेऊन आलेल्या बायका, त्यात मावशी आणि मैना. भोंगा सुरू झाला. मैना मटकन खाली बसली, कान दाबून किंचाळायला लागली. लोक जमले. अंगात आलंय म्हणत दोघीजणींनी तिचे हात कानांवरून ओढून धरले.

आणि मी? डब्याची कडी दोन्ही हातांनी आवळून उभी. सगळ्यांसारखी बघत.

"आवाजानं दुखतं वो तिला, हात सोडा," मावशी विनवत होत्या. मग त्यांना मी दिसले. "ह्या पोरीलाबी दुखतं की. सांग की गं, बाई."

सगळे माझ्याकडे वळले. भोंगा माझ्याही डोक्यात घुमत होता. नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी पुरलं असतं — नाही का?

"मला काय बी हुत न्हाय," मी म्हणाले.

मावशी त्या दोघींचे हात सोडवू लागल्या. पुढे कधी त्यांनी हे बोलून दाखवलं नाही.

घाबरले होते, हे खरं. पण नुसती घाबरले असते तर एवढी वर्षं लपवलं असतं का? लोकांच्या नजरा माझ्यावरून उठल्या आणि परत मैनावर गेल्या. तिचे हात अजून त्या दोघींनी धरलेलेच होते. आणि मला — बरं वाटलं.