अर्धा धुतलेला दगड

“तुमच्यात चालतं ना?” काकांनी हसत विचारलं आणि ब्रश माझ्या हातात दिला.

सिंगापुरातलं जुनं लाकडी चर्च. भोवती दफनभूमी. आम्ही राहतो त्या सेंगकांग भागातल्या मराठी ग्रुपनं शनिवारी थडगी धुवायला नावं दिली होती. सहा घरं आली. पण दगडांपाशी येताच सगळे थबकले. काका पुण्याचे, ग्रुपमधले वडीलधारे. म्हणाले, “अहो, आम्हाला घरी जाऊन अंघोळी कराव्या लागतील. शिवाशिव वगैरे म्हणत नाही मी. आपली एक पद्धत.”

माझं आडनाव गावावरून घेतलेलं. वडिलांनी बदललं होतं. गणपतीच्या आरतीला काकांनी आधी तालुका विचारला, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला. तेव्हाच त्यांना कळलं असणार.

मी धुवायला बसलो. लिहायला लाज वाटते, पण बसलो. राग आला नाही. काहीच वाटलं नाही. बाकीचे चर्चच्या लाकडी पायऱ्यांवर थर्मासमधला चहा पीत होते. शेवाळ निघालं तशी अक्षरं दिसायला लागली. कुठल्याशा जहाजाचा इंजिनिअर, तापानं गेलेला. मीही जहाजावरचा इंजिनिअर. तरी नुसता घासत राहिलो.

आजोबा आठवले. गावात कुणी मेलं की सांगावा घेऊन तेच जायचे. परगावच्या दारापासून लांब उभं राहून ओरडून सांगायचे. त्यांनी प्यायला पाणी मागितलं तर घरातले वरून त्यांच्या ओंजळीत ओतायचे.

माझी नऊ वर्षांची मुलगी आली. “बाबा, व्हाय ओन्ली यू वॉशिंग, आह? सगळेच आले ना वॉश करायला?”

तिला मी कधीच काही सांगितलं नव्हतं. आता गप्प बसलो असतो तर ती गप्प बसणंच शिकली असती.

मी उठलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “कारण यांना वाटतं, मेलेल्याला शिवायचं काम तुझ्या-माझ्या जातीचं.”

“अहो, मुलांसमोर कशाला?” काका म्हणाले.

“मुलांसमोरच.” ब्रश त्यांच्या चहाशेजारी ठेवला. “आणि चालत नाही.”

चर्चच्या दाराशी आलेल्यांची नावं लिहायची वही होती. सकाळी लिहिलेलं आडनाव खोडलं. आजोबांचं लिहिलं. मुलीनं ते मोठ्यानं वाचलं, दोनदा.

पासपोर्टवर अजून गावाचंच आहे. तेही बदलणार. पुढच्या शनिवारी पुन्हा येणार. त्या इंजिनिअरचा दगड अर्धा राहिलाय, तो मी धुणार. काकांच्या वाटणीचा एकही नाही.