ऐन रोवण्यातलं विमान

अड्याळच्या कुंताबाई धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करणाऱ्या बायांची टोळी चालवतात. यंदा त्यांची लेक रेणू बाळंत व्हायची होती, तीही कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिका बेटावर. जावई तिथल्या जंगलात पोपटांची राखण करतो. लेकीच्या बाळंतपणाला जाताना तीन विमानं बदलायची भीती त्यांना नव्हती. पण तारीख ऐन रोवण्यातली, आणि चार गावांना शब्द दिलेला.

"रोवणा आटपला का काढ तिकीट," त्या मुलाला, नीलेशला म्हणाल्या.

"आई, लेकरू थांबते का तवरिक?"

अंगणात चहा पीत बसलेली टोळीतली विजयमाला म्हणाली, "काहून वो, तुह्याबिगर धान उलटा उगवते का?" बाया खदखदून हसल्या.

कुंताबाई नीलेशकडे वळल्या. "काढ बाबा," त्या म्हणाल्या. "अन् विजया, आसगावची धानाची बांधी खोल हाय, पाणी लवकर भरते. तिथं आधी जाजो."