गढूळ असल्यास वापरू नये

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, एका मे महिन्यात माझा नवरा नागपूरच्या सरकारी दवाखान्यात पडून होता. आतड्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आतले टाके सुटले होते. तोंडानं पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हाताला ग्लुकोजची बाटली, तेच त्याचं जेवण, अशी आमची समजूत. सासूबाई बाटली संपेपर्यंत घास घेत नसत. संपली की "जेवला आता," म्हणायच्या आणि मग डबा उघडायच्या.

घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटी. एकदा त्यांनी विचारलं, "काय लिवलं हाय वं त्या बाटलीवर?"

"शेकडा पाच साखर."

"अन् बाकीचं?"

"पाणी."

आमच्या घरच्या दोन-तीन कप चहात जाईल एवढी साखर होती एका बाटलीत. हे मी बोलले नाही, पण त्यांना कळायचं ते कळलं. त्यानंतर बाटली संपली तरी "जेवला" म्हणाल्या नाहीत. नवरा डोळ्यांदेखत झिजत होता. मला राग यायचा, कुणाचा ते ठरवता येत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, ह्याला प्रथिनांची बाटली हवी, तीच खरं जेवण. सदर बाजारातल्या औषधवाल्यांनी तिचं नावही ऐकलेलं नव्हतं. मुंबईला नोकरीला असलेल्या धाकट्या दिरानं हातापाया पडून एक मिळवली आणि कपड्यांत गुंडाळून, ट्रंकेत घालून, रेल्वेनं आणली. एकच. दुसरी मिळाली नाही.

मी लेबल वाचायला घेतलं. 'थंड जागी ठेवावे.' मे महिन्यात नागपूरला थंड जागा! लिहिणारा इकडं कधी फिरकला नसणार. त्याखाली बारीक अक्षरांत होतं, द्रावण गढूळ असल्यास किंवा तळाशी साका असल्यास वापरू नये. मी बाटली खिडकीपाशी नेली. पिवळसर पाणी धूसर झालं होतं आणि बुडाशी पांढरट काहीतरी बसलं होतं.

सासूबाईंचा चेहरा मात्र उजळला होता. इतके दिवस निवळ पाणीच पाहिलेलं. "वरणाची डाळ अशीच खाली बसते," त्या म्हणाल्या. "ताकत खालीच राहते. हालवून लाव म्हणा सिस्टरले."

मी त्यांना अडवलं. म्हटलं, हे नासलंय, रक्तात गेलं तर विष होईल.

"काहून नासलं? वास तरी येते का?"

नवरा पडल्या पडल्या ऐकत होता. ओठ फुटलेले. "लावून टाक न वं," तो मला म्हणाला. "असाही मरूनच राहिलो."

मी बाटली सिस्टरच्या हातात दिली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. तिनं बाटली उजेडात धरली, मोरीपाशी गेली, बूच काढलं आणि ओतून दिली. मोठ्या बाटलीतून पाणी जातं तसा भकभक आवाज झाला. दीर भिंतीकडं तोंड करून उभा होता. सिस्टरनं नवऱ्याच्या हाताला पुन्हा ग्लुकोज लावलं.

दुसरी बाटली मिळण्याआधीच तो गेला.

मी चुकले नव्हते. डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. त्याचा उपयोग काही झाला नाही. पुढं कितीतरी वर्षं बायका भेटायला आल्या की सासूबाई माझ्यासमोरच सांगायच्या, "माह्या पोराले जेवनाची बाटली आली होती. सुनेनं वाचली. पोरगा उपाशीच गेला."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.